मंग पाटकरी कोन शे?

"मॅडम, बोर्डावर पोर्ट एकच आहे आणि सेन्सर चार लावायचेत." धुळ्यात तंत्रनिकेतनात शिकवताना हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी घेऊन येतं. विचारणाऱ्याला ती अडचण वाटते, मला मात्र तो प्रश्न ऐकला की बरं वाटतं. तोवर मुलं नुसत्या तारा खोचत असतात. इथून पुढे त्या तारेतून काय जातं, कोण कधी बोलतं आणि कुणाला ऐकू जातं, हे त्यांना स्वतः बघावं लागतं.

हल्लीचे मॉड्यूलर बोर्ड मला मनापासून आवडतात. सोल्डरिंग न करता, जंपर तारांचं जंजाळ न मांडता डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचा मुलगा तासाभरात तापमान मोजून दाखवतो. सीड स्टुडिओचा ग्रोव्ह घ्या, स्पार्कफनचा २०१७ पासूनचा क्विक घ्या, नाहीतर अ‍ॅडाफ्रूटचा स्टेमा क्यूटी. सगळीकडे चार पिनांचं छोटं सॉकेट, उलटं बसणारच नाही असं. क्विकच्या तारांचे रंगही ठरलेले आहेत: काळी जमिनीची (ग्राउंडची), लाल ३.३ व्होल्टची, निळी माहितीची म्हणजे एसडीए आणि पिवळी ठोक्यांची म्हणजे एससीएल. चुकायला जागाच ठेवलेली नाही.

सॉकेटच्या ह्या सारखेपणात एक धोका आहे, आणि तो मी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिते. ग्रोव्हच्या बोर्डावर एकाच आकाराची सॉकेटं रांगेने दिसतात, पण एक अ‍ॅनालॉगचं (कमीजास्त व्होल्टेजचं) असतं, एक डिजिटलचं (नुसतं चालू-बंद), आणि एक युआर्टचं, एक आय-टू-सीचं; ह्या शेवटच्या दोन तारेवरून माहिती पाठवायच्या वेगवेगळ्या पद्धती. प्लग चारहींत सारखाच बसतो. मायक्रोसॉफ्टचं गॅजेटियर २०११ मध्ये आलं, त्यात प्रत्येक सॉकेटशेजारी इंग्रजी अक्षरं छापलेली असत. आय म्हणजे आय-टू-सी, ए म्हणजे अ‍ॅनालॉग, एस म्हणजे एसपीआय, अशीच आणखी एक पद्धत. मॉड्यूलवरचं अक्षर आणि बोर्डावरचं अक्षर जुळलं की लावा. ते गॅजेटियर आता मागे पडलं, पण ती अक्षरांची पद्धत प्रत्येक बोर्डावर असायला हवी होती असं मला आजही वाटतं. कारण एका पोर्टवर अनेक सेन्सर लावता येतील का, ह्याचं उत्तर प्लगच्या आकारात नसतं, ते त्या अक्षरात असतं.

अ‍ॅनालॉग सॉकेटवर दोन सेन्सर एकत्र जोडले तर दोघांचे व्होल्टेज एकमेकांना ओढतात आणि मधलाच कुठला तरी आकडा हाती येतो. तो ना ह्याचा ना त्याचा. युआर्ट ही दोघांमधली बोलणी असतात, तिथे तिसऱ्याला जागा नाही. ग्रोव्हच्या डिजिटल सॉकेटमध्ये थोडी मोकळीक आहे. तिथे सिग्नलच्या दोन पिना असतात, पिवळी आणि पांढरी, आणि बरीच मॉड्यूलं पिवळीच वापरतात. फाटा असलेली केबल लावून पांढऱ्या पिनेवर दुसरं मॉड्यूल घेता येतं. पण हे झालं दोघांपुरतं. खरी सामाईक जागा म्हणजे आय-टू-सी, आणि मला त्याचं महत्त्व कॉलेजात कळलं त्याहून जास्त आमच्या कांद्याच्या चाळीत कळलं.

माझं माहेर साक्री तालुक्यातलं, पांझरेच्या काठचं. दादाकडे उन्हाळी कांदा असतो. एप्रिल-मेमध्ये काढायचा, पात कापून, सुकवून, निवडून चाळीत भरायचा आणि भावाची वाट बघत दिवाळीपर्यंत जपायचा. चाळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेली, बाजूंना हवा खेळेल अशा पट्ट्या, चारेक फूट रुंदीचा आणि पाचेक फूट उंचीचा थर. साठवणीच्या कांद्याला साधारण २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. त्याच्या वर आर्द्रता गेली की सड आणि काजळी, फार कोरडं झालं की वजनातली घट, आणि पुढे थंडावा आला की कोंब. पण हे आकडे चाळीच्या बाहेर टांगलेल्या मापकावरचे नकोत. थराच्या पोटात काय चाललंय ते हवं. वरचा कांदा वाऱ्यावर असतो, खालचा जमिनीच्या ओलीजवळ, आणि मधला आपल्याच उबेत कोंडलेला. एका सेन्सरने चाळ कळत नाही. एकाच प्रकारचे, एकसारखे, अनेक सेन्सर वेगवेगळ्या खोलीवर लागतात. माझ्याकडचा बोर्ड होता ईएसपी ३२ ह्या नियंत्रक चिपचा, आणि त्यावर सॉकेट होतं एक.

आय-टू-सी ही फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये काढलेली पद्धत. दूरदर्शन संचासारख्या उपकरणाच्या आत एका चिपने दुसऱ्या चिपशी कमीत कमी तारांवर बोलावं, एवढाच मूळ हेतू. दोन तारा. एससीएलवर ठोके पडतात, एसडीएवर त्या ठोक्यांच्या तालावर बिट, म्हणजे शून्य किंवा एक, जातात. सगळी उपकरणं ह्याच दोन तारांना लोंबकळलेली. नियंत्रक, म्हणजे आपला बोर्ड, आधी एक पत्ता उच्चारतो. तो सगळ्यांना ऐकू जातो. ज्याचा असेल तो नवव्या ठोक्याला तार खाली ओढून "आहे" म्हणतो, बाकीचे गप्प. मग त्या एकाशीच बोलणं होतं. न विचारता कुणी बोलत नाही.

हे मी ओट्यावर बसून दादाला समजावत होते, तर आप्पा मधेच म्हणाले, "मंग आठे पाटकरी कोन शे?" म्हणजे, मग इथे पाटकरी कोण आहे?

आप्पांचा प्रश्न फडातून आलेला होता. पांझरा, गिरणा, मोसम ह्या नद्यांवर काही शतकांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग्या, आणि त्याखाली गावाचे फड. एका फडात सगळ्यांचं पीक एकच, ते गावाने मिळून ठरवायचं. पाणी कुणी आपल्या मनाने फोडायचं नाही. कुणाच्या वावरात कधी पाणी सोडायचं ते पाटकरी बघणार, राखणीला जागल्या. पाट एकच, वावरं अनेक, आणि भांडण होऊ नये म्हणून बारी. आप्पांच्या डोक्यात जे लगेच आलं तेच ह्या पद्धतीचं मर्म आहे. पोर्ट एक असणं ही तंगी नाहीच. बारी लावणारा कुणी असेल आणि प्रत्येकाची ओळख वेगळी असेल, तर एका वाटेवर पुष्कळ जण नांदतात. "तो बोर्डच पाटकरी," मी म्हटलं. आप्पांचं समाधान झालं. माझं मात्र नाही, कारण ह्या मांडणीतली अवघड गोष्ट पुढेच आहे: दोघांची ओळख सारखी निघाली तर?

आय-टू-सीचा पत्ता सात बिटांचा. म्हणजे एकूण १२८ पत्ते, त्यातले १६ राखीव, उरले ११२. ऐकायला भरपूर वाटतात. पण पत्ता आपण देत नाही, तो चिप बनवणाऱ्याने कारखान्यातच ठरवलेला असतो. एएचटी २० हा तापमान-आर्द्रतेचा स्वस्त आणि चांगला सेन्सर, त्याचा पत्ता हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत मोजायच्या अंकपद्धतीत, ३८, बदलायची सोय नाही. एसएचटी ३१ला दोन पर्याय, ४४ आणि ४५. बीएमई २८०ला ७६ किंवा ७७. म्हणजे वेगवेगळ्या जातीचे दहा सेन्सर एका सॉकेटवर सुखाने राहतील, आणि एकाच जातीचे तीन राहणार नाहीत. शेतीला नेमके एकाच जातीचेच हवे असतात.

बोर्डाने ३८ पुकारलं आणि त्या पत्त्याचे दोन एएचटी २० तारेवर असले, की दोघंही "आहे" म्हणतात. बोर्डाला वाटतं एकच आहे. मग दोघंही आपापलं मोजमाप एकाच वेळी पाठवतात. ह्या तारांचा गुण असा, की कुठलंही उपकरण तार फक्त खाली ओढू शकतं. वर नेण्याचं काम रोधकाचं, म्हणजे पुल-अप रेझिस्टरचं. त्यामुळे एकाने शून्य म्हटलं आणि दुसऱ्याने एक, तर तारेवर शून्यच दिसतं. समजा, उदाहरणापुरतं, एक सेन्सर २७ हा आकडा पाठवतोय आणि दुसरा २९. बायनरीत २७ म्हणजे ११०११, २९ म्हणजे १११०१. दोन्ही एकावर एक ठेवा, जिथे एकाचंही शून्य असेल तिथे शून्य लिहा. उरतं ११००१, म्हणजे २५.

हे गणित मी दरवर्षी मुलांकडून वहीत सोडवून घेते. २७ आणि २९ची सरासरी २८ येत नाही, दोघांपैकी एकाचा आकडाही येत नाही. येतो २५, दोघांहूनही कमी. आणि तो आकडा अगदी शहाण्यासारखा दिसतो. वायर तुटली तर कळतं, सेन्सर जळला तर कळतं, पण पंचविसावर संशय कुणी घ्यायचा? प्रत्यक्ष सेन्सर अंश पाठवत नाही, १६ किंवा २० बिटांची कच्ची संख्या पाठवतो, तरी घडतं हेच. शून्य जिंकत असल्यामुळे ही खोटी संख्या खऱ्याहून वर कधीच जात नाही. चाळ आतून तापत असेल आणि पडद्यावर मात्र थंड दिसेल. कांदा सडेपर्यंत कुणी ढीग उकरून बघणार नाही.

म्हणूनच सेन्सर निवडताना मी तपासणीचे बिट बघते. एसएचटी ३१ प्रत्येक मोजमापामागे आठ बिटांची सीआरसी, म्हणजे आकडा वाटेत बिघडला का हे पडताळायची संख्या, पाठवतो. दोघांचं बोलणं मिसळलं की ती बहुतेक वेळा जुळत नाही आणि प्रोग्रॅम चूक दाखवतो. काही मुलं वेळ वाचवायला ही तपासणी गाळणारा कोड वापरतात. ते मी चालू देत नाही. आकडा चुकीचा येणं परवडतं, तो चुकीचा आहे हे न कळणं परवडत नाही.

पत्ते सारखे असले तर वाटा निघतात. बऱ्याच मॉड्यूलांवर पत्ता बदलण्यासाठी एक पिन किंवा एक बारीक सोल्डरचा पूल असतो, त्यातून दोन किंवा चार पत्ते मिळतात. अंतर मोजणारा व्हीएल ५३एल०एक्स वेगळा: सगळे २९ हेक्सवर जागे होतात, पण एक्सशट पिनेने त्यांना झोपवून ठेवता येतं. मग एकेकाला उठवायचं, नवा पत्ता द्यायचा, पुढच्याला उठवायचं. वीज गेली की सगळे आपले पत्ते विसरतात, आणि हा बारशाचा कार्यक्रम पुन्हा करावा लागतो. खान्देशात वीज किती वेळा जाते ते लक्षात ठेवून तो कोडच्या सुरुवातीलाच लिहिलेला बरा.

सगळ्यात सरळ उपाय म्हणजे मल्टिप्लेक्सर. टीसीए ९५४८ए ही चिप एका आय-टू-सी वाटेच्या आठ वाटा करते. तिचा स्वतःचा पत्ता ७०. बोर्ड तिला आठ बिटांचा एक बाइट पाठवतो, ज्या बिटावर एक असेल ती वाट उघडते. पहिल्या वाटेवर एक एएचटी २०, दुसरीवर दुसरा, तिसरीवर तिसरा. पत्ता सगळ्यांचा ३८च, पण एका वेळी एकच दार उघडं. चिपचे स्वतःचे पत्ते ७० ते ७७ असे आठ ठेवता येतात, म्हणजे एका सॉकेटवर आठ चिपा आणि चौसष्ट वाटा. फक्त त्यातल्या शेवटच्या दोन पत्त्यांवर बीएमई २८० आधीच बसलेला नाही ना, हे बघायचं. बाजारात हब नावाने मिळणारी साधी फाट्यांची पट्टी आणि हा मल्टिप्लेक्सर दिसायला सारखे असू शकतात. पट्टी नुसत्या तारा वाढवते, पत्त्यांचा प्रश्न ती सोडवत नाही. विकत घेण्याआधी मधे चिप आहे का ते बघावं.

एवढं झालं तरी मुलं म्हणतात, "मॅडम, चारपर्यंत नीट चाललं, सहावा लावला आणि सगळेच बंद पडले." पत्ते तर वेगळे होते. इथे पुल-अपकडे बघायचं. जवळजवळ प्रत्येक मॉड्यूलवर स्वतःचे पुल-अप रोधक असतात, बहुधा ४.७ किंवा १० किलो-ओहमचे. साखळीत ते समांतर जोडले जातात आणि एकत्रित रोध उतरत जातो. ४.७चे पाच लागले की ९४० ओहम. ३.३ व्होल्टवर तीन मिलिअ‍ॅम्पियर ओढण्याची मर्यादा धरली तर साधारण ९७० ओहमच्या खाली जाऊ नये. त्याखाली चिपला तार पुरेशी खाली ओढवत नाही, आणि शून्य हे शून्य म्हणून ओळखू येत नाही. दोनतीन मॉड्यूलांवरचे पुल-अप तोडून टाकले की गाडी सुरू होते. त्यासाठी बारीक ठिपका ठेवलेला असतो, कटरने खरवडायचा.

चाळीत मात्र मी आय-टू-सीवर सगळा भार टाकला नाही. कारण अंतर. ही वाट बोर्डाच्या आतल्या बोलण्यासाठी केलेली; तिच्यावर तारांच्या विद्युतधारितेचा (कपॅसिटन्सचा) जास्तीत जास्त ४०० पिकोफॅरड एवढाच भार चालतो, आणि साध्या तारेचा मीटरमागे पन्नास ते शंभर पिकोफॅरड सहज होतो. हातभर, दोन हात ठीक. चाळीस-पन्नास फुटांच्या चाळीत ती आडवी धावू शकत नाही.

तिथे मला डीएस १८बी२० उपयोगी पडला. स्टीलच्या टोपणातला, पाण्याला न भिणारा, ढिगात खुपसून ठेवता येईल असा. उणे ५५ ते १२५ अंशांपर्यंत मोजतो, आपल्या कामाच्या टप्प्यात अर्ध्या अंशाच्या आत बरोबर. ह्याची पद्धत वन-वायर. माहितीला एकच तार, तिच्यावर ४.७ किलो-ओहमचा एक पुल-अप, शिवाय वीज आणि जमीन. एकाच पिनेवर हव्या तितक्या टोपणांची माळ लागते, कारण प्रत्येकाला कारखान्यातच ६४ बिटांची ओळख कोरलेली असते. जातीची ८ बिटं, अनुक्रमांकाची ४८, तपासणीची ८. दोन सारखे सापडायचे नाहीत.

ही ओळख बोर्ड शोधून काढतो ती रीत मला फार सुंदर वाटते. सगळे सेन्सर एकाच वेळी आपला पहिला बिट सांगतात, मग त्याचा उलटा बिट. तारेवर इथेही शून्यच जिंकतं. एकदा शून्य आणि एकदा एक आलं तर सगळ्यांचं एकमत. दोन्ही वेळा शून्य आलं म्हणजे त्यांच्यात मतभेद आहे. मग बोर्ड म्हणतो, आता फक्त एकवाले बोला. बाकीचे गप्प होतात. असं बिटामागून बिट चाळत चौसष्टाव्या पायरीला एकच उरतो. मग परत मागे जाऊन दुसरी फांदी. वर ज्या गुणाने २७ आणि २९चे २५ केले, त्याच गुणातून इथे गर्दीतल्या प्रत्येकाचं नाव कळतं. दोष तारेत कधीच नव्हता.

नाव कळलं तरी जागा कळत नाही, हे पुढचं काम. भरण्याआधी आम्ही सगळी टोपणं ओट्यावर ओळीने मांडली. वहिनी एकेक मुठीत धरायच्या, पडद्यावर जो आकडा चढेल तो क्रमांक मी चिठ्ठीवर लिहून तारेला बांधायची. कुठे खुपसायचं हेही त्यांनीच ठरवलं. मी समान अंतरांची आखणी करून नेली होती. त्यांनी चाळीच्या पश्चिमेकडच्या कोपऱ्यात हात घातला आणि म्हणाल्या, "ताई, आठे टाका. आठे हवा लागत नही." वर्षानुवर्षं सडका कांदा वासाने हुडकून वेचलेला हात तो. तिथे वेगवेगळ्या खोलीवर तीन टोपणं गेली, आणि माझ्या आखणीतली तेवढीच कमी झाली. आर्द्रतेसाठी बोर्डाच्या जवळ, वर आणि खाली, ४४ आणि ४५ पत्त्यांचे दोन एसएचटी ३१ त्या एकुलत्या सॉकेटवर.

माळ एका रेषेत ठेवायची, फांद्या फोडायच्या नाहीत, हेही पाळलं. अशा वाटेवर सिग्नल टोकावरून परत फिरतो, आणि फांद्या जास्त झाल्या की प्रतिध्वनींचा गोंधळ होतो. आणखी एक खूण दादाला सांगून ठेवली आहे: फोनवर अचानक ८५ अंश दिसले तर घाबरू नये. डीएस १८बी२०मध्ये वीज आल्याक्षणी तोच आकडा भरलेला असतो, आणि पूर्ण बारीक मोजमापाला त्याला पाऊण सेकंद लागतो. घाईने वाचलं की ८५.

आता पश्चिमेच्या कोपऱ्यातला मधला थर संध्याकाळी बाहेरची हवा निवल्यावरही ऊनच राहतो, हे दादाला रोज दिसतं. त्या बाजूच्या पट्ट्या त्याने विरळ केल्या आहेत आणि तिथला माल आधी काढायचं ठरवलं आहे. वहिनी अजून वास घेऊनच खात्री करतात, आणि मला तेच योग्य वाटतं.

दुसरी चाळ विहिरीपलीकडे आहे. तिथपर्यंत ह्या दोन्ही वाटा पोचणार नाहीत, म्हणून तिथे आरएस ४८५ नेणार आहे. दोन तारांतल्या फरकावर चालणारी, हजार-बाराशे मीटरपर्यंत जाणारी पद्धत. तिच्यावर मोडबस नावाच्या बोलण्याच्या नियमावलीत १ ते २४७ असे पत्ते आपण स्वतः द्यायचे. क्रमांक कुठल्या टोकापासून सुरू करायचे ते मी वहिनींना विचारलं. दाराकडून, असं त्यांनी सांगितलं, कारण माल दाराकडून निघतो आणि हमाल आत शिरतात तेही तिथूनच.